मिलकाबाई आणि जैनबबीची घरं

मिलकाबाई वाकरूळकर या माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. बीडला बिंदुसरा नदीच्या पलीकडे, यजमानांच्या शेजारी, त्यांची माती आहे. पण माझ्या सासूबाई, साराबाई, चुलीपाशी बसून नुसतं "आई असत्या तर..." एवढं म्हणाल्या, की मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घ्यायची. हे लिहिते आहे ते सगळं सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं. त्या तेव्हा नव्या सून होत्या. नवरा मुंबईला रेल्वेत, आणि ह्या बीडला सासूपाशी. बीडजवळच्या पालीला जे झालं ते मात्र त्यांनीही पाहिलं नव्हतं. ते पलीकडच्या आळीतल्या जैनबबीनं त्यांना सांगितलं, आणि जैनबबी काही हातचं राखून सांगणारी बाई नव्हती.

आम्ही बेने इस्राएल, यहुदी. आमची माणसं मूळची कुलाब्याकडची. तिकडं घाण्यावर तेल काढायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक शनवारतेली म्हणत. मिलकाबाईंचे यजमान एलोजी पलटणीच्या दवाखान्यात ड्रेसर होते. पलटणीबरोबर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, मोमिनाबादला (आताच्या अंबाजोगाईला) आले. पेन्शनीत निघाल्यावर कोकणात परत जायचं सोडून बीडच्या पेठेत बापजाद्यांचा घाणा मांडून बसले. करडईचं तेल काढायचे. शनिवारी बैलसुद्धा सोडलेला. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक हसलं, मग शुक्रवारीच तेल नेऊ लागलं.

अख्ख्या बीडात आमचं घर ते एकच. आमच्यात मिळून प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात. इथं एलोजी आणि दोन पोरं. शिकवायला कोणी नाही, चुकलं तर सांगायला कोणी नाही. म्हणून एलोजींनी एक वही केली. जाड कागदाची, सुतळीनं शिवलेली. त्यात इब्री, म्हणजे हिब्रू, प्रार्थना बाळबोध अक्षरांत, खाली मराठीत अर्थ. कोणता सण कोणत्या तिथीच्या आसपास येतो, त्याचं टिपण. मांस मिठात किती वेळ ठेवायचं. शेवटच्या पानावर विंचवाचं औषध. आणि मधल्या एका पानावर 'सांजेचे सवाल' असं लिहून खाली चार ओळी: आज जनावराला वेळेवर पाणी मिळालं का? माप घालताना हात हलला का? कोणाला दारात ताटकळत ठेवलं का? कोणाचं नाव माझ्या तोंडून मळलं का?

एलोजी गेले. थोरला मुलगा मुंबईला गेला, धाकटा समुद्रापार अदनला. दोघांनीही आईला बोलावलं. मिलकाबाई म्हणाल्या, "तिथं दहा काय, शंभर आहेत म्हणता. माझ्यावाचून त्यांचं अडलेलं नाही." आणि म्हाळू नावाचा एक म्हातारा गडी हाताशी घेऊन घाणा चालू ठेवला. दिवेलागण झाली की त्या भिंतीला पाठ न टेकता बसायच्या, डोळे मिटायच्या, चारी सवाल स्वतःला करायच्या आणि उत्तरं मोठ्यानं द्यायच्या. सासूबाईंनी एकदा विचारलं, "आई, मोठ्यानं कशाला?" तर म्हणाल्या, "मनातल्या मनात माणूस लबाडी करतं."

मी त्यांना साधुसंत ठरवायला बसलेले नाही. त्या हट्टी होत्या, तोंडानं फटकळ होत्या, आणि आपण नेमानं चालतो याचा त्यांना गर्व होता. त्यांचा एक नेम तर पेठेत ठाऊक होता. शुक्रवारी सूर्य टेकला की हातातलं काम तिथंच टाकायचं. केर अर्धा काढलेला असो, कणीक परातीत असो. सूर्य टेकला, हात उचलला.

पण गाईला शनिवार कळत नाही. सड भरले की ती हंबरते, तिचे हाल होतात, आणि मिलकाबाईंनी त्या दिवशी धार काढायची नाही. म्हणून दर शनिवारी सकाळी जैनबबी यायची. जैनबबी मन्यारीण, काकणं भरणारी. पलीकडच्या आळीत राहायची. धार काढायची, दूध आपल्या घरी न्यायची, शनिवारचं दूध तिचंच असा रिवाज होता. जाताना चार शब्द बोलायची, चुलीपुढचं सांडलेलं लोटून घ्यायची. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं होतं. ती ह्यांना आपा, थोरली बहीण, म्हणायची.

ज्या साली हैदराबादेत जुने निजाम सरकार वारले आणि नवे गादीवर बसले, त्या सालची गोष्ट. चैत्रातल्या पुनवेला आमचा बेखमीर भाकरीचा सण येतो. तेव्हा मिलकाबाई ट्रंकेतून चांदीचा पेला काढायच्या. बोटभर उंचीचा, मनुकांचं सरबत घालून प्रार्थना म्हणायचा पेला. एलोजींच्या आईचा. सण संपला की उजळून परत ट्रंकेत. त्या साली सण उरकून दोन आठवडे झाले आणि काहीतरी काढायला ट्रंक उघडली तर पेला नाही.

घर उलथंपालथं केलं. नाहीच. मिलकाबाईंना तर तो गुंडाळून ठेवल्याचं पक्कं आठवत होतं. फडकंसुद्धा कोणतं ते आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी घाण्यावर बायका तेल न्यायला आल्या. एकीनं विचारलं, "तेलीणबाई, तोंड कावून उतरलंय?"

"चांदीचा पेला गेला."

"चोर शिरला व्हय?"

"चोराला कुलूप फोडावं लागतं." मिलकाबाई माप घालत म्हणाल्या. "शनिवारी माझ्या घरात कोण येतं ते सगळ्या पेठेला माहीत आहे. मी कोणाचं नाव घेत नाही."

एवढंच बोलल्या. पुन्हा तो विषय काढला नाही. पुढच्या शनिवारी जैनबबी आली तर गाईखाली म्हाळू बसलेला. मिलकाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आजपासून म्हाळू काढील." जैनबबीनं गाईकडं पाहिलं, म्हाळूकडं पाहिलं आणि गेली. गाईनं म्हाळूला दोन शनिवारांत तीनदा लाथ मारली. तो म्हणायचा, "बाई, हिला बाईमानसाचा हात लागतोय. माझं गुडघं का फोडताय?"

मन्यारणीचा धंदा दुकानावर चालत नाही, घरांवर चालतो. अमुक घर तिचं, तमुक घर तिचं. ती थेट माजघरात जाते, लेकीसुनांचे हात हातात घेते, उघड्या पेट्यांपाशी बसते. चोर म्हटल्यावर तिला माजघरात कोण घेणार? वैशाखात लग्नं होती, नवरीमुलींचे चुडे भरायचे होते. एका घरी म्हणाले, पाहुणे आहेत, नंतर ये. दुसऱ्या घरी म्हणाले, काकणं यंदा माहेरून येतायत. आखाड गेला, श्रावण गेला, गौरी गेल्या. जैनबबी पेटी घेऊन गल्लीतून हाळी घालायची आणि दारं लोटलेली असायची.

आणि मिलकाबाई रोज सांजेला चौथा सवाल स्वतःला करायच्या. कोणाचं नाव माझ्या तोंडून मळलं का? मोठ्यानं उत्तर द्यायच्या, "नाही. मी नाव घेतलं नाही." सासूबाई म्हणायच्या, "मी रोज ऐकत होते आणि गप्प बसत होते. तेवढा वाटा माझा."

भादव्याच्या शेवटी नवे मूग घरात आले. कीड लागू नये म्हणून मूग राखेत घोळून डेऱ्यात भरायचे, त्यासाठी गोवऱ्यांची चाळलेली राख एका मडक्यात कोपऱ्यात असायची. वर्षातून तेवढंच तिचं काम, आणि चांदी उजळायला मूठभर. आमचा नव्याचा सण, म्हणजे वर्षाचा पहिला दिवस, दोन दिवसांवर होता. मिलकाबाई कोपरापर्यंत राखेत हात घालून बसल्या होत्या. हाताला काहीतरी लागलं. बाहेर काढलं. पेला.

त्या तशाच बसून राहिल्या. सासूबाईंना वाटलं आनंद झाला. जवळ गेल्या तर मिलकाबाईंचं तोंड राखेसारखंच झालेलं.

"शुक्रवार होता," त्या म्हणाल्या. "चिंच लावून पाटीतल्या राखेत पुरून ठेवला होता उजळायला. तेवढ्यात सूर्य टेकला आणि मी उठले. पाटी तिथंच टाकली. ट्रंकेत ठेवला तो मागच्या सालच्या सणाला. तेच आठवत बसले मी." मग पेल्यावरची राख पुसत म्हणाल्या, "शनिवारी जैनब आली, तिला राखेची पाटी तशीच पडलेली दिसली. मी टाकून गेलेलं तिनं उचलून मडक्यात ओतलं, आत पेला आहे हे तिला कुठं ठाऊक. आवरून ठेवलं बिचारीनं."

नव्याच्या सणापासून दहाव्या दिवशी आमची दरफाळणी. दारं लावून घ्यायचा दिवस. आदल्या संध्याकाळी सूर्य टेकायच्या आत अंघोळ करून, पांढरं नेसून, घराचं दार लावायचं. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, परक्याचा स्पर्श नाही. देवापुढं वर्षाच्या चुका कबूल करायच्या. पण आमच्यात असं आहे, की माणसाचा केलेला गुन्हा त्या माणसानं माफ केल्याशिवाय देव त्याला हात लावत नाही. आधी माणसाकडं जायचं. एलोजींनी वहीत त्याच्यापुढं लिहून ठेवलं होतं: तीन वेळा जावं, तीन वेळा माफी मागावी, त्याउपर दोष न देणाऱ्यावर.

मिलकाबाई हात न धुता तशाच उठल्या आणि पलीकडच्या आळीत गेल्या. सासूबाई मागोमाग.

जैनबबी दारात काकणं दोरीत ओवत बसली होती. मिलकाबाईंनी पेला पुढं धरला आणि काय झालं ते सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. म्हणाल्या, "जैनब, मी चुकले. माफ कर."

जैनबबीनं पेल्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कधी हाय तुमची दरफाळणी?"

"आजपासून बारावा दिवस."

"तरीच. दार लावायच्या आधी माफी पायजे तुमाला. मी न्हाई म्हनले तर तुमचा उपास वाया." ती ओवत राहिली. "तुमाला माफी पायजे, मिलकाबाई. मला माझी घरं पायजेत. नाव न घेता घालवलीत न्हवं? आता नाव घेऊन परत आना."

मिलकाबाई म्हणाल्या, "आणते."

सण शनिवारी-रविवारी झाला. त्याच शनिवारी गावात घट बसले. सोमवारी सकाळी मिलकाबाईंनी घाणा म्हाळूच्या हवाली केला आणि पेला पदरात बांधून निघाल्या. नवरात्रात कोणत्या घरात सवड असते? बायका उपासाच्या, घटापाशी. पहिल्याच घरी आतून आवाज आला, "घट बसलेत बाई, उंबऱ्याबाहेरूनच बोला."

"बाहेरूनच बोलते," मिलकाबाई म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्यानं बोलल्या की समोरच्या घरातल्या दोघी बाहेर आल्या. "माझा पेला जैनबबी मन्यारणीनं घेतला असं मी सुचवलं होतं. ते खोटं होतं. पेला माझ्याच राखेत होता. तिला घरात घ्या."

सगळीकडं हेच. वाक्य बदललं नाही. काही हसल्या. एक म्हणाली, "आमी कुठं खरं मानलं होतं!" मिलकाबाईंनी विचारलं, "मग गौरीला काकणं कोणाकडून भरलीत?" ती घाईनं आत वळली. गीताबाई म्हणून एक म्हातारी होती, ती मात्र रडायलाच लागली. "माझ्या नातीचा चुडा मी दुसरीकडनं भरवला हो. जैनब तिच्या आईला चुडा भरलेली. कोणत्या तोंडानं बोलवू आता?"

"माझ्या तोंडानं बोलवा," मिलकाबाई म्हणाल्या. "मी पाठवलंय म्हणा."

पेठेत गहिनीनाथ किराणावाल्यानं दुकानातून हाक दिली, "काय शनवारतेलीणबाई, तेल सोडून माफी विकायला काढली व्हय? कशी शेर दिली?"

"तुझ्या बायकोला बाहेर बोलव. तिलाही सांगायचंय."

"आन् मला?"

"तू ऐकलंसच. आता दुकानात येईल त्याला सांग. पेल्याची गोष्ट तूच मापा-मापानं वाटली होतीस."

दुकानात बसलेले हसले, गहिनीनाथ कानापर्यंत लाल झाला. पण त्यानं सांगितलं, असं सासूबाई म्हणायच्या. निदान हसत हसत तरी सांगितलंच.

बुधवारी मिलकाबाई दुसऱ्यांदा जैनबबीकडं गेल्या. निम्मी घरं झाली होती. ती म्हणाली, "ऐकलं. अजून निम्मी हायेत." शुक्रवारी दुपारी तिसऱ्यांदा. पाय सुजलेले, उन्हानं तोंड काळवंडलेलं.

"बीडची सगळी झाली, जैनब."

"झाली." जैनबबीच्या आवाजात आता तो ताठा नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "गीताबाईनं बोलवलं काल. आनखी चौघींनी. पन पालीचं राह्यलं."

"पालीला कोण?"

"पाटलीणबाई, वच्छलाबाई. बीडच्या बाजारात तुमची गोष्ट ऐकून गेलत्या. मी वैशाखात गेलते त्यांच्या वाड्यावर, लेकीचा चुडा भरायला. चार बायांत माझी पेटी उघडून, काकणं भुईवर काढून बघितली. मंग आत घेतलं." तिनं पेटीवर हात ठेवला. "बीडवाल्यांनी दारं लावली. ते परवडलं. त्या बाईनं दार उघडून माझी झडती घेतली. समदी घरं आली तरी ते घर माझ्या घशात अडकून हाय."

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "आई, तीनदा झालं. वहीत आहे तसं. आता तुमच्यावर काही नाही."

"वही मला सोडतेय ग," मिलकाबाई म्हणाल्या. "मी कुठं सोडलंय?"

शनिवार आला. शनिवारी तीन कोस चालता येत नाही. मिलकाबाई घरात बसून राहिल्या. तो एवढा मोठा शनिवार आपण पाहिला नाही असं सासूबाई म्हणायच्या. राहिला रविवार, आणि रविवारी सूर्य टेकला की दरफाळणी.

पहाटेच उठून मिलकाबाईंनी अंघोळ केली, भाकऱ्या बांधून घेतल्या. बोचक्यात पांढरं लुगडं ठेवताना सासूबाईंनी पाहिलं.

"ते कशाला? तुम्ही परत येणार ना?"

"येणार. पण उशीर झाला तर तू थांबू नकोस. वेळेवर दार लाव."

"आणि तुम्ही?"

"मी देवाला माहीत आहे, कुठं आहे ते."

नदी उतरून पालीची वाट लागते तिथं बाभळीखाली जैनबबी बसलेली. ह्यांना पाहून उठली. "येनार न्हाई म्हनले होते. पन तिथं तुमी काय सांगताल ते माझ्या कानांनी ऐकायचंय. न्हाईतर पुन्ना नाव न घेता सांगून याल."

दोघी चालल्या. बरोबर नाही, पुढं मिलकाबाई, दहा पावलं मागं जैनबबी. वाटेत एक गाडीवाला म्हणाला, "बसा की बायांनो, पालीलाच चाललो." मिलकाबाई बसल्या. जैनबबी बसली नाही, म्हणून मिलकाबाई पुन्हा उतरल्या. गाडीवाला कपाळाला हात लावून पुढं गेला.

पालीला पोहोचल्या तर वच्छलाबाई घरी नाहीत. नवमीचा होम होता, सगळी माणसं देवीच्या देवळात. गड्यानं सांगितलं, येतील दुपारपर्यंत. दोघी वाड्याबाहेर लिंबाखाली बसल्या. मिलकाबाईंनी भाकरी सोडली, अर्धी जैनबबीपुढं ठेवली. तिनं खाल्ली, पण तोंड दुसरीकडं करून. दुपार झाली. उन्हं कलली. बीडला सूर्य टेकायच्या आत पोहोचायचं तर आता उठायला हवं होतं.

जैनबबीलाच ते आधी दिसलं. "जावा तुमी. दार लावायचंय न्हवं तुमाला?"

मिलकाबाई हलल्या नाहीत.

"अहो, मी सांगतेय जावा म्हनून. दसऱ्यानंतर येऊ पुन्ना."

"दसऱ्यानंतर तू येशील," मिलकाबाई म्हणाल्या, "मी पण येईन. पण मधल्या दिवशी मी देवापुढं बसून काय सांगू? एक घर राहिलं होतं, पण दार लावायला उशीर होत होता म्हणून उठले? त्या शुक्रवारी राखेच्या पाटीपाशी तेच केलं मी. सूर्य टेकला म्हणून उठले, आणि टाकलेलं कुठं जातं ते मागं वळून पाहिलं नाही."

 जैनबबी जागची उठून जवळ येऊन बसली, एवढंच.

वच्छलाबाई आल्या तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. बरोबर सातआठ बायका, हळदीकुंकवानं भरलेल्या. वाड्याच्या पायरीपाशी मिलकाबाई उभ्या राहिल्या आणि सांगितलं. जैनबबीचं नाव घेऊन सांगितलं, पेला काढून दाखवला, चूक कशी झाली तेही सांगितलं.

वच्छलाबाईंना ते आवडलं नाही. देवळातून आल्या आल्या हे काय पुढ्यात. म्हणाल्या, "बरं झालं सापडला. पन मी कुठं तिला चोर म्हनले? नुसती पेटी बघितली. लगीनघर होतं, दागिने होते."

"मी पण तिला चोर म्हटलं नव्हतं," मिलकाबाई म्हणाल्या. "नाव घेतलं नाही म्हणत होते. तुम्ही चोर म्हटलं नाही म्हणताय. आपण दोघी लई सोवळ्या, पाटलीणबाई. आणि हिची काकणं भुईवर."

 एक पोरसवदा सून पदराआड हसली. वच्छलाबाई पाटलीण होत्या, असं तोंडावर त्यांना कोणी बोललेलं नव्हतं. त्यांनी एकदा मिलकाबाईंच्या सुजलेल्या पायांकडं पाहिलं. मग पायरी उतरून जैनबबीसमोर आल्या.

"चुकलं माझं, जैनबबी. लेकीसमोर केलं ते, लई वाईट केलं." आणि पुढं म्हणाल्या, "उद्या दसरा हाय. उद्याच ये. घरातल्या समद्या लेकीसुनांना भर. मी सोता बसते तुझ्यापुढं."

दसऱ्याचा दिवस म्हणजे मन्यारणीचा वर्षाचा दिवस. जैनबबीनं पश्चिमेकडं पाहिलं. सूर्य रानाला टेकत होता.

"उद्या जमायचं न्हाई, पाटलीणबाई," ती म्हणाली. "उद्या मला काम हाय. परवा येते." आणि मिलकाबाईंकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्यांना एक खोली द्या. आत्ताच्या आत्ता. नवं पानी द्या तोंडावर घ्यायला. आन् उद्या रातीची चांदनी दिसोस्तर कुनी ह्यांना शिवू नगा, बोलू नगा. ह्यांच्यात तसं आस्तंय."

वच्छलाबाईंनी गोठ्याच्या बाजूची एक रिकामी खोली झाडून दिली. मिलकाबाईंनी आत जाऊन पांढरं लुगडं नेसलं आणि बाहेर बघितलं. खोलीला दार नव्हतं. चौकट होती, फळ्या कधीच मोडून गेलेल्या. आयुष्यात एकही दरफाळणी त्यांनी दाराशिवाय केली नव्हती.

जैनबबी उंबऱ्यावर बसली. पाठ आत, तोंड बाहेर.

"जैनब, तू घरी जा. तुझा उद्याचा दिवस जाईल."

"गप बसा. तुमाला बोलायचं न्हाई आता."

दुसरा अख्खा दिवस ती तिथंच होती. पालीच्या बाया दसऱ्याचं सोनं लुटून येताजाता बघायच्या, कधी न पाहिलेली यहुदीण बघायला मिळते म्हणून एकदोघी डोकावायला आल्या. जैनबबीनं त्यांना अशी वाट दाखवली की ते शब्द सासूबाईंनी मला सांगितले नाहीत. एक गडी आपट्याची पानं द्यायला हात पुढं करून आला. ती म्हणाली, "मला दे. तिकडं न्हाई." भूक लागली तेव्हा तिनं वाड्यातून भाकरी मागवली, चार पावलं बाजूला जाऊन भराभरा खाल्ली आणि परत येऊन बसली. आतून मिलकाबाईंचा पुटपुटलेला आवाज येत होता. वही बीडला होती. जेवढं पाठ होतं तेवढं त्या म्हणत होत्या, आणि पाठ नव्हतं तिथं नुसत्या बसत होत्या.

संध्याकाळी सूर्य बुडाला. जैनबबी आकाशाकडं बघत उभी राहिली. एक चांदणी दिसली, दुसरी दिसली. तिसरी दिसल्यावर तिनं आत तोंड करून सांगितलं, "झालं, आपा."

मिलकाबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. उपासानं ओठ कोरडे पडलेले. त्यांनी चौथ्यांदा विचारलं, "जैनब, माफ केलंस का?"

 जैनबबी खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि मिलकाबाईंना त्या दिवशी खोटं नको होतं.

"केलं," ती म्हणाली. "पन इसरले न्हाई."

"विसरू नको."

"न्हाई इसरत." तिनं तांब्या पुढं केला. "घ्या. दमानं प्या, न्हाईतर ठसका लागंल."